मुंबईसमोरच्या छोट्या तेलक्षेत्रांतलं ड्रिलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई हायबद्दल बरंच लिहिलं गेलंय. त्याच्या आजूबाजूला विखुरलेल्या लहान तेलक्षेत्रांबद्दल मात्र प्रश्न जास्त आणि उत्तरं कमी, अशी स्थिती आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एक मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. “छोटं तेलक्षेत्र” म्हणजे नेमकं किती छोटं?

ठरावीक आकडा नाही. जमिनीवर, रस्त्याच्या कडेला दिवसाला १०० बॅरल (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर) देणारी विहीरही चालवणं परवडतं. समुद्रात १०० किलोमीटर आत, ७०-८० मीटर पाण्यात, तेवढ्या तेलात हेलिकॉप्टरचाही खर्च निघत नाही. त्यामुळे क्षेत्र छोटं की मोठं हे साठ्याइतकंच शेजारावर ठरतं. पाच-दहा किलोमीटरवर रिकामी क्षमता असलेला प्लॅटफॉर्म असेल तर छोटं क्षेत्रही कामाचं. आजूबाजूला काहीच नसेल तर त्याच्या दुप्पट साठा असूनही ते कागदावरच राहतं.

२. मुंबईसमोर अशी क्षेत्रं कोणती? आणि ही बी-१९३, डब्ल्यूओ-१६ अशी नावं कशी?

मुंबई हायचा शोध १९७४ च्या फेब्रुवारीत लागला आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्यानंतर आसपास वसई (बॅसीन), पन्ना, मुक्ता, हीरा, नीलम, रत्ना अशी क्षेत्रं सापडत गेली. यातली वसई आणि हीरा काही लहान नाहीत. खरी छोटी म्हणजे आकड्यांनी ओळखली जाणारी: बी-२२, बी-१९३, डब्ल्यूओ-१६, बी-८० वगैरे. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात खडकाचा जो उंचवटा दिसतो त्याला आधी असा क्रमांक मिळतो. क्षेत्र नावारूपाला आलं की नाव पडतं, जसं आर-१२ ला ‘रत्ना’. नावाऐवजी अजून आकडाच असेल, तर ते क्षेत्र बहुधा बराच काळ रांगेत उभं होतं असं समजा.

३. तेल सापडलंय तर इतकी वर्षं काढलं का नाही?

भोक पाडणं हा या धंद्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. तेल वर आल्यावर त्यातलं पाणी आणि वायू वेगळे करायला यंत्रणा लागते, किनाऱ्यापर्यंत न्यायला पाइप लागतो आणि राबणाऱ्या माणसांना राहायला जागा लागते. एका छोट्या क्षेत्रावर हा सगळा डोलारा उभा राहत नाही. म्हणून तीन-चार शेजारची क्षेत्रं एकत्र करून ‘क्लस्टर’ केला जातो आणि खर्च वाटून घेतला जातो.

दुसरं कारण कागदपत्रांचं. रत्ना आणि आर-मालिकेतली क्षेत्रं १९९६ मध्ये एका खासगी समूहाला द्यायचं ठरलं, पण करारावर सह्याच झाल्या नाहीत. २०१६ मध्ये ती ओएनजीसीकडे परत गेली. मधली वीस वर्षं फुकट गेली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्राने ‘शोध लागलेल्या लहान क्षेत्रांचं धोरण’ मंजूर केलं. पहिल्या फेरीत ६७ क्षेत्रं ४६ करारांमध्ये गटवार मांडली गेली. तेलधंद्याचा पूर्वानुभव सक्तीचा नाही, तेल आणि वायूसाठी एकच परवाना, सरकारला खर्चाचा हिशोब दाखवण्याऐवजी महसुलातला वाटा द्यायचा, माल बाजारभावाने विकायचा, अशा त्यातल्या सवलती आहेत. बी-८० याच फेरीतलं. तिथलं उत्पादन २०२२ मध्ये सुरू झालं.

४. रिग आणि प्लॅटफॉर्म एकच ना? सागर सम्राट अजून विहिरी खोदते का?

एकच नाही. प्लॅटफॉर्म समुद्रतळाला खिळलेला असतो आणि पंचवीस-तीस वर्षं तिथेच उभा राहतो. रिग भाड्याच्या गवंड्यासारखी: आली, खोदलं, पुढच्या कामावर गेली. मुंबईसमोरच्या उथळ पाण्यात बहुतेक ‘जॅकअप’ रिग चालतात. तीन (जुन्या रिगना चार) पाय खाली सोडायचे, त्यावर सगळं जहाज पाण्याच्या वर उचलायचं आणि ड्रिलिंगचा मनोरा प्लॅटफॉर्मच्या डोक्यावर सरकवायचा.

सागर सम्राट आता खोदत नाही. मुंबई हायची पहिली विहीर खोदणारी ही १९७३ ची रिग तेल-वायू-पाणी वेगळं करणाऱ्या फिरत्या युनिटमध्ये रूपांतरित झाली आणि डिसेंबर २०२२ पासून डब्ल्यूओ-१६ क्लस्टरवर उभी आहे. दिवसाला २०,००० बॅरल तेल हाताळायची तिची क्षमता आहे. छोट्या क्षेत्राला हेच सोयीचं, कारण साठा संपला की युनिट उचलून दुसरीकडे नेता येतं.

५. रिग जागेवर उभी करताना काय चुकू शकतं?

पाय खचू शकतो. प्रत्येक पायाच्या टोकाला ‘स्पड कॅन’ म्हणजे मोठं बसकं पाऊल असतं. वर घट्ट आणि खाली मऊ चिखल असा थर असेल, तर ते आधी टिकतं आणि मग अचानक आत घुसतं. याला ‘पंच-थ्रू’ म्हणतात. म्हणून आधी तळातल्या मातीचे नमुने काढतात आणि रिग आल्यावर ‘प्रीलोड’ करतात: डेक पाण्यापासून जेमतेम उचलायचा, टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून वादळात येईल तेवढा भार पायांवर टाकायचा आणि खचणं थांबेपर्यंत तो धरून ठेवायचा. पाणी सोडून दिल्यावरच डेक लाटांच्या वर, साधारण १५ मीटरवर न्यायचा. डेक आधी उंच नेऊन मग प्रीलोड करणं ही जीवघेणी घाई आहे.

जुन्या प्लॅटफॉर्मजवळ आणखी एक पेच असतो. आधीच्या रिगच्या पायांचे खड्डे तळाशी राहिलेले असतात. नवा पाय त्या खड्ड्याच्या काठावर पडला तर आत घसरतो आणि रिग प्लॅटफॉर्मकडे ओढली जाते. आधी कोणती रिग कुठे उभी होती याची नोंद शेजारच्या कंपनीकडून मिळवणं हे पहिलं काम.

६. एक विहीर कोणत्या टप्प्यांनी खोदली जाते?

दुर्बिणीच्या नळ्यांसारखी, वर रुंद आणि खाली अरुंद. आकडे क्षेत्रागणिक बदलतात, पण साचा साधारण असा असतो:

- ३० इंची कंडक्टर पाइप हातोड्याने समुद्रतळात ठोकून बसवतात.
- २६ इंची बिटने (खडक कापणारं टोक) खोदून २० इंची केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारा पोलादी पाइप).
- १७-१/२ इंची भोक, त्यात १३-३/८ इंची केसिंग. इथून पुढे बीओपी (विहीर बंद करणारे झडपांचे संच) बसवल्याशिवाय काम नाही.
- १२-१/४ इंची भोक तेलाच्या थराच्या डोक्यापर्यंत, त्यात ९-५/८ इंची केसिंग.
- ८-१/२ इंची भोक थेट तेलाच्या चुनखडकात, बऱ्याचदा आडवं.

प्रत्येक केसिंगच्या मागे सिमेंट भरतात आणि ते पुरेसं घट्ट होईपर्यंत थांबतात. मग केसिंगच्या तळाखाली तीन-पाच मीटर नवा खडक खोदून दाब देऊन पाहतात. ही ‘लीक-ऑफ टेस्ट’. पुढच्या टप्प्यात मड (खोदताना विहिरीत भरलेला द्रव, प्रश्न ७) किती जड ठेवता येईल हे तिच्यावरून कळतं. ती टाळून वाचवलेले दोन तास पुढे दोन आठवडे खातात.

काही अडलं नाही तर अशा विहिरीला महिना-दीड महिना लागतो. छोट्या क्षेत्रात तीन-चारच विहिरी असल्यामुळे ‘बॅच ड्रिलिंग’ फायद्याचं: सगळ्या विहिरींचा वरचा टप्पा आधी, मग सगळ्यांचा मधला. तीच हत्यारं आणि तेच मड सलग वापरता येतं.

७. मड म्हणजे चिखलच ना? त्याचं एवढं कौतुक कशाला?

पाणी, बेंटोनाइट माती, पॉलिमर, पोटॅशियम क्लोराइड (शेल खडक फुगू नये म्हणून) आणि वजनासाठी बराइट असं ते मिश्रण असतं. ते बिट थंड ठेवतं आणि खडकाचा चुरा वर आणतं. त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे खडकातल्या तेल-वायूला स्वतःच्या वजनाने दाबून धरणं. हिशोब सोपा आहे: घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) गुणिले उभी खोली (मीटर) भागिले १०, म्हणजे दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. मुंबई हायच्या मुख्य थराच्या आसपासची खोली, समजा १,३५० मीटर, आणि मड १.१० चं असेल, तर तळाशी दाब १४८.५. खडकातला मूळ दाब १३९ च्या आसपास असेल तर साडेनऊची आघाडी राहते. एवढी पुरते.

विहीर तिरकी असेल तर उभी खोलीच धरायची, पाइपची लांबी नव्हे. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे.

८. शेजारच्या जुन्या विहिरींनी दाब उतरवला असेल तर नव्या विहिरीला काय होतं?

दोन संकटं येतात आणि बहुतेक वेळा एकत्र येतात.

पहिलं, मड गायब होणं. इथला चुनखडक पोकळ्या-भेगांचा आहे. दाब उतरलेल्या अशा खडकात मड आत जाऊ लागतं आणि कधी कधी वर काहीच परतत नाही. थोडी गळती असेल तर मडमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी, अभ्रक, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घालतात. पण तेलाच्या थरात फक्त कॅल्शियम कार्बोनेटच वापरा. ते पुढे आम्ल सोडून विरघळवता येतं. अभ्रक मात्र कायमचं बसतं आणि ज्या वाटेने तेल यायचं तीच वाट बुजते. पूर्ण गळती झाली तर विहिरीचा बाहेरचा भाग समुद्राच्या पाण्याने भरत राहायचं, किती पाणी गेलं ते मोजायचं आणि मग सिमेंटचा प्लग टाकायचा की तसंच पुढे जायचं ते ठरवायचं. पातळी खाली जाऊ देणं धोक्याचं, कारण वरच्या एखाद्या थरातला वायू तेवढ्यात आत शिरतो (प्रश्न ९).

दुसरं, पाइप चिकटणं. प्रश्न ७ मधलंच उदाहरण घ्या. शेजारच्या उत्पादनामुळे थराचा दाब १३९ वरून ९५ वर आला. मडचा दाब १४८.५ च आहे. फरक ५३.५. आता पाइप ९ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद पट्ट्यात भिंतीला टेकला, तर क्षेत्रफळ ७,२०० चौरस सेंटिमीटर. त्यावरचा जोर सुमारे ३८५ टन. घर्षणांक ०.२ धरला तरी तो सोडवायला स्वतःच्या वजनाशिवाय ७७ टन ओढ लागते. दर तासाला भिंतीवरचा मडचा थर जाड होतो आणि हा आकडा वाढत जातो.

म्हणून तिथे पाइप क्षणभरही स्थिर ठेवायचा नाही. जाड पाइप सर्पिल खाचांचे घ्यायचे. वरच्या जास्त दाबाच्या थरावर केसिंग बसवून मगच हलक्या मडने खाली जायचं. चिकटलाच तर पहिले काही तास मोलाचे: जार (पाइपला जोरदार हिसका देणारं हत्यार) मारणं, चिकटलेल्या जागी डिझेल-आधारित द्रव सोडणं आणि किकची (प्रश्न ९) शक्यता तपासून मड हलकं करणं. नाहीच सुटला तर सुटा भाग वेगळा करून वर घ्यायचा, खालचा सिमेंटने पुरायचा आणि बाजूने नवी वाट काढायची.

दाबाचा अंदाज जुन्या अहवालावरून बांधू नका. शेजारच्या विहिरीत गेल्या काही महिन्यांत मोजलेला दाब मागा.

९. किक म्हणजे काय? आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

खडकातला वायू किंवा द्रव नकळत विहिरीत शिरणं म्हणजे किक. टाक्यांतलं मड वाढतं, पंप बंद केले तरी प्रवाह चालू राहतो, बिट अचानक भराभर उतरायला लागतं. अनेक किक खोदताना नव्हे, तर पाइप वर काढताना येतात. पाइप घाईने ओढला की पिचकारीच्या दट्ट्यासारखी ओढ बसते. म्हणून वर काढताना जेवढं पोलाद बाहेर आलं तेवढंच मड ट्रिप टँकमधून (त्यासाठीच ठेवलेली मोजमापाची टाकी) आत गेलं का, हे दर काही पाइपांमागे जुळवायचं.

शंका आली की बिट तळापासून उचला, पंप बंद करा, प्रवाह दिसला तर बीओपी मिटा. वरिष्ठांना विचारायला जायचं नाही. बंद करण्याचा अधिकार ड्रिलरचाच. मग ड्रिलपाइपवरचा दाब वाचा. १,८०० मीटर उभ्या खोलीवर तो १८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आला, तर मडची घनता ०.१० ने वाढवायची: १८ गुणिले १० भागिले १,८००. चोक (बाहेर येणारा प्रवाह आवळणारी झडप) किंचित उघडा ठेवून तळाचा दाब कायम राखत वायू बाहेर काढायचा आणि जड मड भरायचं. विहीर मिटून नुसतं बसून राहिलात तर वायू वर सरकतो आणि दाब चढत जातो.

१९८२ मध्ये मुंबई हायवर सागर विकास रिगवर विहीर उसळून आग लागली होती. या कामात कवायती दर आठवड्याला का होतात, याचं ते उत्तर.

१०. एकाच प्लॅटफॉर्मवरून इतक्या विहिरी निघतात. त्या एकमेकींना भिडत नाहीत?

भिडू शकतात. स्लॉटमधलं (प्लॅटफॉर्मवर विहिरींसाठी आखलेल्या जागांमधलं) अंतर जेमतेम दोन-अडीच मीटर असतं. प्रत्येक विहिरीच्या मोजलेल्या मार्गाभोवती, मोजणीत किती चूक असू शकते ते दाखवणारं एक वर्तुळ धरतात. दोन मार्गांतलं अंतर भागिले दोन्ही वर्तुळांच्या त्रिज्यांची बेरीज म्हणजे ‘सेपरेशन फॅक्टर’. अंतर ८ मीटर आणि त्रिज्या ३ आणि २ असतील तर १.६. दीडच्या वर असेल तर पुढे चला, दीड ते एकच्या मध्ये सावध राहा आणि शेजारची विहीर बंद ठेवा, एकच्या खाली आला तर थांबा.

वरच्या भागात चहूकडे पोलाद असल्याने चुंबकीय होकायंत्र फसतं. तिथे गायरोच (चुंबकावर न चालणारं दिशादर्शक यंत्र) वापरायचा. ऐंशीच्या दशकातल्या विहिरींची मोजमापं विरळ आहेत, त्यामुळे त्यांचं वर्तुळ मोठं धरावं लागतं. वर आलेलं मड गाळणाऱ्या चाळणीवर सिमेंटचा चुरा किंवा लोखंडाचा कीस दिसला तर पुढचा एक सेंटिमीटरही खोदू नका.

११. पावसाळ्यात काम बंद असतं का?

ड्रिलिंग बंद नसतं, रिग हलवणं बंद असतं. पाय पाण्यात सोडताना किंवा काढताना लाट साधारण दीड मीटरच्या खाली हवी, आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात तसे दिवस हाताला लागत नाहीत. म्हणून मेअखेर रिग ठरलेल्या जागी उभी हवी. बराइट, सिमेंट, डिझेल न्हाव्याच्या पुरवठा तळावरून आधीच भरून ठेवतात, कारण बोटींना रिगच्या कडेला टिकता येत नाही. माणसं हेलिकॉप्टरने ये-जा करतात, तेही हवा बरी असेल तेव्हा. आधीच्या विहिरीला पंधरा दिवस उशीर झाला, तर छोट्या क्षेत्राचा अख्खा हंगाम हुकतो.

कॅलेंडरवर विसंबूनही चालत नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात हीरा क्षेत्राजवळ नांगर तुटून पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्या दुर्घटनेत सत्तरहून अधिक माणसं गेली. तेव्हा पावसाळा लागायचा होता.

१२. शेजाऱ्याच्या पाइपमधून आपलं तेल पाठवायचं तर काय काय बघावं लागतं?

आधी मेण. मुंबई हायचं तेल मेणचट, ३० अंश सेल्सियसच्या आसपासच थिजू लागणारं, आणि समुद्रतळ त्याहून थंड. लांब, बारीक आणि कमी प्रवाहाच्या पाइपमध्ये भिंतीला मेण धरतं. रसायन सोडावं लागतं आणि ठरावीक दिवसांनी पाइपमधून ‘पिग’ (आतून खरवडत जाणारं साफसफाईचं साधन) चालवावा लागतो. पिग सोडायची-पकडायची सोय आराखड्यातच धरा, नंतर ती बसवणं फार महाग पडतं.

मग हायड्रोजन सल्फाइड. वसईचा वायू गंधकयुक्त आहे, म्हणून तो हजिऱ्याला जाऊन शुद्ध होतो. तुमच्या वायूत गंधक आहे आणि शेजाऱ्याचा पाइप साध्या पोलादाचा आहे, तर तो नकार देईल आणि त्याचं बरोबर असेल.

शेवटी मोजणी. तेल एकदा मिसळलं की कोणाचं किती हे फक्त मापकच सांगतो. प्रत्येक विहीर ठरावीक काळाने काही तास टेस्ट सेपरेटरवर (एकाच विहिरीचं तेल, वायू, पाणी वेगळं करून मोजणारी टाकी) घेतात आणि उरणच्या किनारी केंद्रावरच्या एकूण आकड्याशी ताळा जुळवतात. पाण्याचं प्रमाण दोन टक्के चुकीचं नोंदलं तर वर्षभर कोणीतरी दुसऱ्याचं तेल विकतो. पाइप नकोच असेल तर तेल तरंगत्या साठवण जहाजात भरायचं, फिरत्या युनिटचा पर्याय प्रश्न ४ मध्ये आहे.

१३. सीमेजवळ विहीर खोदली आणि शेजाऱ्याचं तेल ओढलं गेलं तर?

खडकाला परवान्याची रेघ दिसत नाही. दोन्हीकडे एकच साठा आहे असं सिद्ध झालं तर दोन्ही कंपन्यांनी मिळून एकच विकास आराखडा करायचा आणि वाटा आधी ठरवायचा, हा मार्ग आहे. पण त्यासाठी दाब, द्रवाचे नमुने आणि सर्वेक्षण यांची माहिती वेळेवर एकमेकांना द्यावी लागते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात वायू एका क्षेत्रातून दुसऱ्यात सरकल्याचा वाद २०१४ मध्ये न्यायालयात गेला आणि दशकभर चालला. छोट्या क्षेत्राच्या कंपनीला एवढा वेळ परवडत नाही. पहिली विहीर खोदायच्या आधीच लिहून घ्या.

१४. या तेलाची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळते का?

नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार समुद्राखालची खनिजं केंद्राची, आणि रॉयल्टीही केंद्राकडे जाते. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी मात्र राज्याला मिळते, म्हणून गुजरात आणि आसामचं चित्र वेगळं दिसतं.

१५. मासेमारीची बोट प्लॅटफॉर्मच्या किती जवळ जाऊ शकते?

५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात शिरायचं नाही. खांबांच्या सावलीत मासे जमतात हे खरं, आणि मोह होतो हेही खरं. पण प्लॅटफॉर्मच्या कडेने तेल-वायूचे उभे पाइप, म्हणजे राइजर, वर येतात. २७ जुलै २००५ ला एक जहाज मुंबई हाय नॉर्थच्या राइजरला धडकलं, वायू पेटला, प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जणांचा जीव गेला. समुद्रतळावरच्या पाइपांवरून ट्रॉल जाळं ओढलं तर जाळंही जातं आणि पाइपही.

१६. विहीर कोरडी निघाली किंवा संपली तर तशीच सोडतात?

नाही. तेलाच्या थरावर, केसिंगच्या बुडाशी आणि समुद्रतळाजवळ सिमेंटचे प्लग टाकतात, त्यावर वजन टेकवून आणि दाब देऊन तपासतात, आणि केसिंग समुद्रतळाच्या काही मीटर खाली कापतात. हा खर्च शेवटी येतो, पण पैसा आधीपासून बाजूला ठेवावा लागतो. त्यासाठी साइट रिस्टोरेशन फंडाची योजना आहे. ताप्ती क्षेत्रातले निर्मनुष्य प्लॅटफॉर्म अशाच रीतीने काढले गेले.

१७. शोध लागला तेव्हा खोदलेली जुनी विहीर आयतीच आहे. तिच्यातूनच उत्पादन का घेऊ नये?

क्वचित जमतं, आणि बहुतेकदा ही बचत महागात पडते. तात्पुरती बंद केलेली विहीर समुद्रतळाशी झाकलेली असते. झाकण सापडलं, तर प्लॅटफॉर्म नेमका तिच्यावर बसवावा लागतो, म्हणजे बाकीच्या विहिरींची मांडणी तिच्या सोयीने करावी लागते. केसिंग तीस वर्षं खाऱ्या पाण्यात गंजलेलं असतं आणि सिमेंटची अवस्था कागदावरच्या नोंदीहून वाईट निघू शकते. झाकणाखाली वायू साठलेला असू शकतो, त्यामुळे बीओपी जोडून, बारीक भोक पाडून, दाब मोजूनच ते उघडायचं. मग केसिंगची जाडी आणि सिमेंटची पकड लॉगने (विहिरीत सोडलेल्या मोजणी-यंत्राने) तपासायची, आणि ठरलेल्या दाबाला ती टिकली तरच पुढे जायचं. टिकली नाही तर प्रश्न १६ प्रमाणे कायमची बंद करायची आणि नव्या विहिरीचा मार्ग आखताना तिचं वर्तुळ प्रश्न १० मधल्या हिशोबात धरायला विसरायचं नाही.